हिरडटोलीनं साहेबाला भिजू दिलं

एक विचारतो, मनापासून सांगा. नव्या गावाला जायचं झालं तर तिथली वाट कशी आहे हे तुम्ही कोणाला विचाराल? भरवसा कोणावर ठेवाल? त्या गावच्या माणसावर, कचेरीतल्या नकाशावर, की पाठीवर ओझं घेऊन त्या वाटेनं जाणाऱ्यावर?

लगेच उत्तर देऊ नका. बसा जरा. माझ्यापाशी वेळ आहे, आणि हल्ली वेळ हीच माझी कमाई आहे. मी लवंग्या बोलतोय. अर्जुनी मोरगावच्या हिरालाल दुकानदाराचं तट्टू.

तट्टू म्हटलं की लोक हसतात. हसा बापहो! घोडा नवरदेवाला घेऊन वेशीपासून मांडवापर्यंत मिरवतो, त्याला ओवाळतात. मी मीठ, मिरची, हळद, काड्यापेट्या, लुगडी आणि बांगड्या गावोगाव पोचवल्या, मला कोणी ओवाळलं नाही. तक्रार नाही माझी. सांगून ठेवतो इतकंच.

देशाला स्वराज्य मिळालं त्या पावसाळ्यात मी जन्मलो. दोन वर्षांचा झालो तेव्हा प्रतापगडच्या जत्रेत विकायला उभा होतो. विकणारा मोठ्या तोंडाचा. म्हणाला, "शेठ, स्वराज्यात जन्मलेलं शिंगरू आहे. कोणाच्या बापाचं ऐकत नाही!"

हिरालाल शांतपणे म्हणाला, "मग भाव उतरवा. मले ऐकणारं पाहिजे."

दुपट्ट्याखाली हात गेले, बोटं दाबली गेली, आणि सौदा ठरला. मध्ये एक दलाल उगाच माझे दात मोजायला आला, त्याला मी एक लाथ दिली. हिरालाल हसला. "एवढंसं आहे, पण तिखट आहे. लवंगच आहे ही." तेव्हापासून मी लवंग्या.

हिरालाल शाळेत गेला नव्हता. चहाच्या डब्यांवरची आणि स्टेशनच्या पाटीवरची अक्षरं पाहून तो वाचायला शिकला. माणूस मात्र तो पहिल्याच बोलण्यात वाचायचा. आठवडी बाजार नसेल त्या दिवशी माझ्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गोण्या लादून आम्ही आडबाजूच्या गावांना निघायचो. जिथे बैलांची बंडी पोचत नाही तिथे तट्टू पोचतं, आणि तट्टू पोचतं तिथे दुकानदार आपल्या भावानं विकतो. धंद्याची ही गोष्ट त्यानं मला कधी सांगितली नाही, पण गोण्यांचं वजन माझ्या पाठीवर होतं, मला कळायचं.

वाटेनं माणसांची एक गंमत पाहिली. "गाव किती दूर?" असं विचारलं की जो आपल्या कामात असतो तो म्हणतो, "हे का जी, जवरच तं आहे." ज्याला तुम्हाला जेवायला थांबवायचं असतं तो म्हणतो, "लय दूर आहे, आता कुठी जाता?" आणि ज्याचं त्या गावाशी भांडण असतं तो म्हणतो, तिकडे वाटच नाही. काही लोक बिड्यांमध्ये मोजतात. दोन बिड्यांची वाट, तीन बिड्यांची वाट. मंगरू नावाचा एक गुराखी होता. त्याची बिडी सारखी विझायची. त्याच्या एका बिडीच्या वाटेत आमची अख्खी दुपार जायची.

या सगळ्यांत अवघड गाव म्हणजे हिरडटोली.

हिरडटोली पक्क्या सडकेवरून दिसायची. चिंचांच्या मागे कौलं, कौलांच्या पुढे मोठा तलाव. हा तलाव बकाराम पाटलाच्या पूर्वजांनी बांधला. कोहळी लोक ते, पाणी कुठून येणार आणि कुठे थांबणार हे त्यांना जमिनीकडे पाहून कळतं. पण पाणी थांबवताना माणसं कुठून जाणार हे मात्र त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

उन्हाळ्यात अडचण नसायची. धान निघाला की बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, कोरड्या पडायच्या, आणि सडकेवरून नाकासमोर चालत दीड मैलात गाव. पण पाऊस पडला की त्याच बांध्यांत गुडघाभर चिखल आणि हिरवागार धान. मग तलावाच्या पाळीवरून लांब वळसा. पाळीची माती ओली झाली की माझे खूर साबणावर ठेवल्यासारखे घसरायचे. आणि शेवटी सलंग. तलाव तुडुंब भरला की जादा पाणी जिथून बाहेर सुटतं ती जागा. ती ओलांडल्याशिवाय गावात पाऊल पडत नव्हतं. एकदा तिथे माझा पाय गेला आणि हळदीची गोणी फुटली. खालच्या गावच्या बायका म्हणे पिवळं पाणी पाहून देवीचा कौल समजून नारळ घेऊन आल्या.

बकाराम पाटील हा मोठा मानी माणूस. पाहुणा म्हटला की त्याच्या अंगात वारं यायचं. त्याची बायको कुंदाबाई बोलायला रोखठोक, पण माझ्यासाठी तिच्या घरी कोंडा आणि गुळाचा खडा ठरलेला. त्यांची एकुलती लेक गंगा. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात गंगेचं लग्न झालं. व्याही चैतराम, स्टेशनाजवळच्या गावचा.

त्या लग्नात मी हिरडटोलीची एक रीत पाहिली. वऱ्हाड यायच्या आधी सगळं गाव फावडी घेऊन बांध्यांत उतरलं. धुरे म्हणजे शेतांचे बांध फोडले, खड्डे भरले, ढेकळं फोडली, वर पाणी शिंपडून बायांनी माती चोपली. सडकेपासून मांडवापर्यंत अशी वाट झाली की बंडीतल्या म्हाताऱ्यांना झोप लागली. वऱ्हाडाला हादरा बसला तर गावाची मान खाली जाते, असं तिथे मानतात. लग्न झालं, पेरणी आली, धुरे पुन्हा बांधले, वाट शेतात मिसळून गेली.

चैतराम मोठा सावध माणूस. पावसाळ्यात तो एकदा सलंगपर्यंत आला, पाणी पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "पाटील, राग मानू नका. पोळ्याले मी पोरगी पाठवत नाई. उद्या तिले दिवस गेले, तरी या वाटेनं पाठवनार नाई."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. काठावर मला कोंडा द्यायला आलेल्या कुंदाबाईनं ते ऐकलं आणि तो कोंडा तिच्या हातातच राहिला. मी वाट पाहत उभा राहिलो. तिला माझी आठवणच नव्हती.

तेव्हापासून कुंदाबाईला एकच ध्यास लागला, गावाला बारा महिने चालणारी वाट पाहिजे. बाजारात, पाणवठ्यावर, देवळात तिचं दुसरं बोलणं नाही.

आणि अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात बातमी आली. सरकारी मोजणी निघाली आहे. गाव पक्क्या सडकेपासून किती दूर, तिथे गाडी पोचते की नाही, आणि वाट करायची तर खर्च किती लागेल, हे बघायला ओव्हरसियर साहेब गावोगाव फिरणार. ज्या गावाला गरज जास्त, त्याचं नाव वर.

कुंदाबाईनं देवापुढे दिवा लावला. पाटलानं गाव गोळा केलं.

"सायेब येऊन राहिला," पाटील म्हणाला. "आजवर आपल्या गावात जीप आली नाई. त्याले हादरा बसला नाई पायजे. गावाची इज्जत आहे."

तुम्हाला कळलं का पुढे काय झालं असेल? त्या दिवशी मी चावडीसमोर बांधलेला होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलं. लग्नापेक्षा सरस वाट केली. धुरे फोडले, माती चोपली, वर मुरूम पसरला, दोन्ही बाजूंना आंब्याची तोरणं लावली. जीप अशी आली की तिच्या मागे धूळसुद्धा उडाली नाही.

ओव्हरसियर वझलवार साहेब उंच, किडकिडीत, नागपूरकडचे. माणूस सरळ होता. चावडीपुढे उतरले, हार घातले, पाटलाच्या घरी चिन्नोर भाताचं जेवण झालं. जेवताना त्यांनी विचारलं, "पाटील, गावाला काही अडचण?"

आता जेवत्या पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही, ही हिरडटोलीची दुसरी रीत. पाटील हात जोडून म्हणाला, "काहीच नाई जी. तुमी आले, आमाले सारं सप्पा भेटलं."

स्वयंपाकघराच्या दारात कुंदाबाई पदराचं टोक चावत उभी होती. पण पाहुणा उठेपर्यंत तीही बोलली नाही. आणि पाहुणा उठला तो जीपमध्येच बसला.

पुढच्या बाजाराला साहेब आमच्या दुकानात दाढीचा साबण घ्यायला आले. हिरालाल गिऱ्हाईकाला कधी गप्पा मारल्याशिवाय जाऊ देत नसे.

"काय साहेब, हिरडटोली पाहून आले म्हणे?"

"उत्तम गाव! वाटही छान. जीप थेट चावडीपर्यंत गेली."

"मग कागदावर काय लिहिलं?"

"काय लिहिणार? अंतर दीड मैल, मोटार पोचते, खर्चाची गरज नाही. शेठ, पैसा थोडा आहे आणि गावं पुष्कळ. ज्यांची वाट चांगली त्यांना दिला तर ज्यांची नाही त्यांच्या तोंडचा जातो."

बोलणं खोटं नव्हतं. साहेब साबण घेऊन गेले. हिरालाल तराजू हातात धरून तसाच बसून राहिला.

त्याची बायको रुख्मा पडद्याआडून म्हणाली, "जाऊ द्या ना. तिथी सडक झाली तं बंड्या जातीन, दुसरे दुकानदार जातीन. मंग तुमाले आन् या तट्टाले कोन पुसते?"

"तेच चाललं डोक्यात," हिरालाल म्हणाला. खरं सांगतो, मीही कान टवकारले. प्रश्न माझ्या पोटाचा होता.

मग तो म्हणाला, "रुख्मा, तट्टावर मी त्या गावाला दोन गोण्या मीठ विकतो. सडक झाली तर त्या गावचा अख्खा धान मी बंडीनं स्टेशनावर आणतो. सांग, मोठा धंदा कोणता?"

"मंग धंद्यासाठी जाऊन राहिले का?"

"नाही तर काय!" तो म्हणाला. पण निघताना त्यानं आरशापुढे टोपी सरळ केली आणि गंगेसाठी म्हणून हिरव्या बांगड्यांची जोडी वेगळी काढून ठेवली. बाळंतपणाच्या चोळीबरोबर देतात तशी. धंद्यासाठी कोणी असं करत नाही, एवढं तट्टालाही कळतं.

हिरडटोलीत बातमी पोचली तेव्हा पाटील ओसरीवर मिशीला तूप लावत होता.

"म्हंजे? आमी तं त्याईचा मान ठेवला!"

"तोच कागदावर चढला, पाटील," हिरालाल म्हणाला.

कुंदाबाई आतून बाहेर आली. तिनं आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "गंगाचे बाबा, तुमी सायेबाले वाट दाखवली. माह्या लेकीची वाट बंद केली. आता जा आन् खरं सांगून या."

"मी काय सांगू? सजवून दाखवली म्हनून?"

"हो. तेच सांगा."

"अवो, लोक हासतीन!"

"लोक आताबी हासून राहिले. तुमाले ऐकू येत नाई एवढंच."

ते खरं होतं. गावातली धुरपता म्हातारी पाटील दिसला की म्हणायची, "काऊन जी पाटील, आज कोनासाठी माती चोपता?" तीन दिवस पाटील तलावाच्या पाळीवर एकटाच फिरला. चौथ्या दिवशी पागोटं बांधून तो आमच्याबरोबर डाकबंगल्यावर आला. मी मुद्दाम हळू चाललो. माणूस मान खाली घालायला निघाला असेल तर त्याला घाई करू नये.

वझलवार साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे टेकले. "पाटील, आता मी काय करू ते तुम्हीच सांगा. मागच्या आठवड्यात एका गावानं मी येणार म्हणून चांगली वाट रातोरात खणून ठेवली. गरीब दिसावं म्हणून. तुम्ही वाईट वाट सजवून ठेवलीत. मी कोणाचं खरं मानू?"

पाटलानं पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी पाहिल्याशिवाय लिहीत नाही," साहेब म्हणाले, "आणि एकदा लिहिलेलं पाहिल्याशिवाय खोडतही नाही."

"मंग सरावनात या जी," पाटील म्हणाला.

"श्रावणात माझी जीप सडकेवरच अडकेल."

"तेच तं सांगून राहिलो!"

साहेब हसले. खरं हसू होतं ते. म्हणाले, "आमच्या कागदात गाडी पोचते का हे विचारलं आहे, महिना विचारलेला नाही. बरं, कागद दसऱ्याशिवाय वर जात नाहीत. मी येतो. पण कशानं?"

हिरालालनं माझ्या मानेवर हात ठेवला. "हे आहे की. लवंग्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या लांब पायांकडे पाहिलं. मीही पाहिले. आम्हा दोघांनाही शंका आली.

"एक अट," साहेब उठताना म्हणाले. "वाटेला हात लावायचा नाही. एक दगड उचलायचा नाही, एक फांदी टाकायची नाही. मी येईन तेव्हा गाव जसं असेल तसं."

"शब्द दिला," पाटील म्हणाला. आयुष्यात यापेक्षा अवघड शब्द त्यानं दिला नसेल.

श्रावणात साहेब आले. आभाळ फाटलं होतं. सडकेवर जीप सोडून ते माझ्या पाठीवर बसले, आणि त्यांचे पाय जमिनीला इतके जवळ की आम्ही सहा पायांनी चाललोय असं वाटावं. पहिल्याच वाऱ्यात छत्री उलटी झाली. हिरालाल दोर धरून पुढे. आम्ही पाळीवर चढलो. एकीकडे तलाव, दुसरीकडे खोल उतार, मध्ये मी. साहेब आधी काही बोलत होते, मग माझी आयाळ धरून बसले. भीती वाटली की माणूस लगाम सोडून आयाळ धरतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

सलंगशी आलो आणि मी थांबलो.

पाणी लाल होतं, वेगात होतं, आणि मधला दगड, ज्यावर मी नेहमी पाय ठेवायचो, तो दिसत नव्हता.

"चल रे," साहेब म्हणाले आणि टाच मारली.

मी हललो नाही. "साहेब," हिरालाल म्हणाला, "हा थांबला तर उतरावं."

साहेब उतरले. हिरालालच्या हातातला बांबू घेऊन त्यांनी पाण्यात रोवून पाहिला. पाण्यानं तो त्यांच्या हातातून ओढून नेला. ते दोन पावलं मागे सरकले आणि उभे राहिले. जवळ झाड नाही, आडोसा नाही. पाऊस त्यांच्या मानेवरून शर्टात आणि शर्टातून बुटात उतरत होता.

पलीकडच्या काठावर सगळं गाव जमलं होतं. सलंग काही मोठी नदी नव्हे. मोठ्यानं बोललेलं अलीकडे ऐकू येतं, आणि तिकडे कोणी हळू बोलत नव्हतं.

पाटील जागच्या जागी नाचत होता. "पाहुना भिजून राहिला वो! पाहुना उभा आहे! अरे, ढिवरायचा डोंगा काढा! डोंग्यात गादी टाका! मेनकापड आना!"

दोन ढिवर, म्हणजे तलावात मासे धरणारे, आपला लाकडी डोंगा पाण्याकडे ओढू लागले. मला वाटलं, झालं! आता साहेब गादीवर बसून पलीकडे जाणार, गरम भात खाणार आणि कागदावर लिहिणार, नावेची उत्तम सोय आहे.

तेवढ्यात कुंदाबाई डोंग्यात जाऊन बसली. मधोमध, मांडी घालून.

"उठ वो!"

"नाई उठत."

"अवो, गावाची इज्जत..."

"मागच्या खेपेले तुमी सायेबाचा मान ठेवला, आन् माही लेक तिकडे अडली. आज भिजू द्या त्याले. एका मानसाच्या भिजन्यानं जर वाट होत असन तं भिजू द्या!"

"लोक काय म्हनतीन? पाटलानं पाहुन्याले पावसात उभा ठेवला!"

"म्हनू द्या. तुमी शब्द देल्ला ना? एक फांदी टाकनार नाई म्हनून? मंग डोंगा का फांदीपेक्षा लहान आहे?"

ढिवरांनी डोंग्यावरचे हात काढले. पाटील काठावर येऊन उभा राहिला, पागोटं काढून हातात घेतलं आणि साहेबांसारखाच पावसात भिजत राहिला. दुसरं काही करता येत नव्हतं, तर पाहुण्याबरोबर भिजावं, एवढंच त्याच्या हातात होतं. त्याचे ओठ हलत होते. मला वाटतं तो माफी मागत होता.

इकडे साहेबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आधी कुंदाबाईकडे पाहिलं, मग पाटलाकडे. मग ते हसायला लागले. असे हसले की त्यांना माझ्या पाठीचा आधार घ्यावा लागला. माझ्या खोगिरावरच्या गोणपाटाखाली त्यांनी कागद धरला, मोजपट्टीनं पाणी सुटण्याची रुंदी अंदाजली, हिरालालला चार प्रश्न विचारले. इथे पाणी ओलांडायला रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, किती लांब लागेल, मुरूम कुठल्या टेकडीवरून आणायचा, खाली नळ किती टाकायचे. कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'बारमाही'. खाली लिहिलं, 'नाही'.

मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन ते ओरडले, "पाटील! लिहिलं! वळशानं साडेचार मैल, पावसाळ्यात बंद! आता तरी डोंगा पाठवा हो, मी मेलो!"

वाक्य संपायच्या आत कुंदाबाई उतरली होती आणि डोंगा पाण्यात होता. पाटील स्वतः त्यात. बरोबर गादी, मेनकापड, कोरडं धोतर, आणि कोणास ठाऊक कुठून, पितळी तांब्यात वाफाळता चहा. अडवून धरलेला सगळा पाहुणचार एकदम सुटला होता, सलंगच्या पाण्यासारखाच.

साहेब आणि हिरालाल पलीकडे गेले. मी अलीकडेच राहिलो. माझं भिजणं कोणत्याही कागदावर चढलं नाही. पण थोड्या वेळानं डोंगा परत आला, आणि त्यात एक टोपली होती. कोंडा, आणि वर गुळाचा खडा. तो खाताना पाऊस किती होता ते मला आठवत नाही.

मंजुरी हिवाळ्यात आली. पैसा जेवढा मागितला तेवढा नाही मिळाला. रपट्याचा मिळाला, मुरुमाचा अर्धा मिळाला. उरलेलं काम गावानं अंगावर घेतलं. माती चोपायची त्यांना सवयच होती. या वेळी फरक एवढाच की पेरणीच्या वेळी ती वाट कोणी परत शेतात घातली नाही. ज्यांच्या बांध्यांतून ती गेली त्यांनी कुरकूर केली, आणि पाटलानं आपली सडकेजवळची बांधी त्यांना वाटून दिली. मानाचा माणूस, हातही तसाच मोकळा.

एकोणसाठच्या आषाढात गंगा आली. सातवा महिना होता. चैतराम स्वतः बंडी घेऊन आला. रपट्यापाशी त्यानं बंडी थांबवली, खाली उतरला, चपला हातात घेऊन चालत पलीकडे गेला, मध्ये उभा राहून दोनदा पाय आपटून पाहिला. नळांतून खालून पाणी जात होतं, वर त्याच्या घोट्यालाही लागत नव्हतं. मग त्यानं मागे वळून हात केला.

बंडी पलीकडे गेली. मी मागून चाललो होतो, पाठ रिकामी. हिरालालनं त्या दिवशी मला काही लादलं नव्हतं, फक्त त्याच्या खिशात गंगेसाठी ठेवलेल्या त्या हिरव्या बांगड्या होत्या.

कुंदाबाई वेशीवर उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "आली का वो?"

"आली ना वो माय," गंगा म्हणाली.

आणि दोघी घरात गेल्या, जशी काही ती रोजच येत होती. तेच मला फार आवडलं. पाऊस पडत होता, आणि त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

श्रावण संपता संपता तिला मुलगी झाली. चैतराम बातमी ऐकून त्याच दिवशी आला आणि त्याच दिवशी परत गेला. भर पावसात. असं हिरडटोलीत पूर्वी कोणी केलं नव्हतं.

आता साठ साल चालू आहे. हिरालालनं बंडी घेतली, दोन बैल घेतले, हिरडटोलीचा धान स्टेशनावर नेतो. दुसरे दोन दुकानदारही तिथे जाऊ लागले, त्यामुळे मिठाचा भाव उतरला. रुख्मा म्हणते, मी सांगत होते. हिरालाल म्हणतो, हिशेब कर, मग बोल. मला कोणी लादत नाही. दुकानाच्या मागे सावलीत उभा असतो, माश्या हाकतो, येणाऱ्याजाणाऱ्याचं ऐकतो. पाठीवरचे घट्टे अजून आहेत, पण वर काही नाही. रिकाम्या पाठीचं सुख ज्याला ओझं माहीत आहे त्यालाच कळतं. कधीकधी बाजारच्या दिवशी गंगा मुलीला घेऊन येते आणि तिला क्षणभर माझ्या पाठीवर बसवते. ते वजन मी वजनात धरत नाही.

पण अजून पुष्कळ गावं सडकेवरून नुसती दिसतात, पोचता येत नाही. त्यांच्याकडे कोणी ना कोणी मोजायला जाईल. कदाचित तुम्हीच जाल. म्हणून जाता जाता हात जोडतो, म्हणजे पुढचे दोन पाय समजा. वाट मोजाल तेव्हा महिना लिहा. तोरणं मोजू नका, चिखल मोजा. जिथे थांबावं लागलं तिथे थांबलो असं लिहा. आणि तुमच्याच गावात कोणी मोजायला आला, तर पाहुणचार पोटभर करा, पण मोजणी संपल्यावर. गरज आहे तेवढीच सांगा. वाढवून सांगाल तर दुसऱ्या गावची लेक अडेल, झाकून ठेवाल तर आपली. एवढा हिशेब तेवढा खरा ठेवा, बापहो.